शेजारच्या सीटचा ब्रेक

माझ्या नणंदेचा आवाज तुम्ही ऐकला नसेल, तर तुम्ही आमच्या गावात गाडी शिकलेलाच नाहीत. "क्लच आहे तो, दाराची बेल नाही! दाबून काय पळून जाताय?" हे वाक्य इथल्या निम्म्या लोकांना पाठ आहे. गावातले डॉक्टर, वकील, दूध पोचवणारे, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, सगळे ताईंच्या हाताखालून गेलेले. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणतात आणि चौकात त्या दिसल्या की अजूनही आपोआप सीटवर ताठ बसतात.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेक आणि क्लच असतात, हे शिकलेल्यांना माहीत असतं. न शिकलेल्यांसाठी सांगते, शिकणारा गडबडला तर शिकवणाऱ्याला गाडी थांबवता यावी म्हणून ती सोय. दुसरे शिकवणारे तो ब्रेक असा मारतात की शिकणाऱ्याचं कपाळ काचेला लागायचं बाकी राहतं, आणि वर शिव्या. ताईंच्या गाडीत मात्र कधी कुणाला झटका बसला नाही. तोंडाने त्या सालटी काढायच्या, पण गाडी पाण्यासारखी चालायची. त्यांच्याकडे शिकलं की माणूस लवकर तयार होतो, अशी ख्याती होती, आणि नवे लोक त्यांचंच नाव सांगत यायचे. सकाळची पहिली बॅच तर त्यांची खास. तिच्यासाठी लोक थांबून राहत.

मी त्यांची भावजय. त्या आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात. लग्न केलं नाही. का नाही विचारलं तर म्हणतात, "मला शेजारी बसून ओरडायची सवय, मागे बसायची नाही." आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ, कारखान्यात पाळीवर जाणारे, स्वभावाने गरीब गाय. घरातल्या दोघी वाघिणींच्या मध्ये त्यांनी आयुष्य कसं काढलं ते त्यांनाच ठाऊक. मी एका शाळेच्या वाचनालयात फाटकी पुस्तकं बांधून द्यायचं काम करते. तोंडाने मीही कमी नाही, हे आधीच सांगून टाकते.

दुखणं पावलांपासून सुरू झालं. सकाळी ताई जिन्यावरून भिंतीला हात लावून उतरायला लागल्या. विचारलं की म्हणायच्या, बूट घट्ट झालेत. एक माप मोठे बूट आणले. मग ते घट्ट झाले. मग बोटं सुजली. गाडीची किल्ली फिरवायला दोन्ही हात लागायला लागले आणि चहाचा कप त्या असा दोन्ही तळव्यांत धरायच्या की बघणाऱ्याला वाटावं, थंडी वाजतेय. दुपार झाली की बरं वाटायचं, त्यामुळे सकाळचं सगळं खोटं होतं असं आम्ही तिघांनीही मानून चाललो होतो.

"वय झालं, ताई," एकदा हे म्हणाले.

"तुझं झालं. माझं चालू आहे."

मी मात्र एक गोष्ट गुपचूप सुरू केली. स्वयंपाकघरातल्या साखरेच्या, कॉफीच्या, लोणच्याच्या सगळ्या बरण्यांची झाकणं मी सैल करून ठेवायची. नुसती टेकवलेली. ताई सकाळी स्वतःची कॉफी स्वतः करत, आणि झाकण हाताला अडलं असतं तर त्या दिवशी घरात कुणाची धडगत नव्हती. असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे त्यांचा हात झाकणावर फिरेनासा झालेला मला बघवलं नसतं.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. रक्ताच्या तपासण्या झाल्या, हातापायांचे फोटो निघाले, आणि एका दुपारी आम्ही दोघी निकाल ऐकायला जाऊन बसलो. डॉक्टरीण तरुण होती, पण घाई नसलेली. तिने आधी ताईंची बोटं एकेक करून दाबून पाहिली, मग नीट समजावून सांगितलं. हा वयाने येणारा संधिवात नाही. रोगजंतूंशी लढायला शरीरात जी फौज असते, तिचा काहीतरी घोटाळा होतो आणि ती स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते.

"म्हणजे माझ्याच शरीराला मी ओळखू येत नाही?" ताईंनी विचारलं.

"साधारण तसंच."

"पन्नाशी उलटली माझी. इतक्या वर्षांत ओळख पटली नाही?"

डॉक्टरीण हसली. ताई हसल्या नाहीत. "बरं कधी होणार?"

"पूर्ण बरा होणारा आजार नाही हा," ती म्हणाली. "पण औषधाने ताब्यात ठेवता येतो. पुष्कळ लोक कामं करतात, नीट जगतात. मात्र औषध लागू पडायला काही आठवडे लागतात. तोवर जपा. सांधे सुजलेले असतील, सकाळी आखडलेले असतील, तेव्हा गाडी चालवू नका. पायावर भरवसा ठेवता येणार नाही."

"मी गाडी चालवत नाही," ताई म्हणाल्या. "मी शेजारी बसते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या डॉक्टरिणीकडे सरळ बघत होत्या. ताई कुठे काम करतात हे तिला माहीत नव्हतं, आणि माझी जीभ, जी एरवी कुणाचं ऐकत नाही, ती टाळूला चिकटून बसली. इतकी वर्षं मी त्यांच्याशी भांडत आले, पण त्या दिवशी त्यांच्या हातून ते काम ओढून काढायची माझी छाती झाली नाही.

बाहेर गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली लावलीच नाही. दवाखान्याच्या दारातून माणसं येत होती, जात होती. एकदम त्यांनी कोपराने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. समोरून फुलं घेऊन चाललेला एक गृहस्थ दचकून बाजूला उडाला.

"काय करताय?" मी ओरडले.

"मग कुणावर ओरडू? सांग! कुणी दुसऱ्याने केलं असतं तर त्याची गचांडी धरली असती. ही माझीच फौज. हिच्यावर कुणाकडे फिर्याद करू?"

मला रडू येत होतं आणि त्यांना रडलेलं चालत नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आल्यावर हुकूम निघाला, स्कूलमध्ये कुणाला कळता कामा नये. पण आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी दूरच्या बहिणीला सांगितलं, तिने मावशीला, आणि मग फोन सुरू झाले. कुणी म्हणे आंबट बंद करा, कुणी म्हणे तेल जिरवा, कुणी म्हणे सूर्यनमस्कार घाला. एका चुलत बहिणीने सांगितलं की राग गिळला की सांध्यांत साठतो. ताईंनी जन्मात एकही राग गिळलेला नाही, तेव्हा निदान हे कारण तरी बाद झालं. सगळे शेवटी एकच म्हणायचे, "होशील गं बरी." आणि ताई म्हणायच्या, "होईन की." फोन ठेवला की भिंतीकडे बघत राहायच्या. तो फोन कुठेतरी फेकून द्यावा असं मला वाटे.

औषध आठवड्यातून एकदा घ्यायचं होतं. त्या दिवशी त्यांना मळमळायचं, आणि मळमळतंय हे त्या कबूल करायच्या नाहीत. काम चालूच होतं. रोज सकाळी अंधूक उजेडात त्या खाली उतरायच्या, बुटांच्या नाड्या ढिल्या सोडून बाहेर पडायच्या. एकदा त्यांच्या खोलीवरून जाताना मला आतून ओळखीचा ओरडा ऐकू आला. "दाब! अगं दाब की! झोप लागली का? अंगठा कशाला दिलाय?" वाटलं, कुणाला तरी फोनवर शिकवताहेत. डोकावले तर त्या शर्टाचं बटण लावत होत्या आणि आपल्याच उजव्या हातावर ओरडत होत्या. मला हसू फुटलं. मग स्वयंपाकघरात येऊन मी चांगली हुंदके देऊन रडले, आणि रडताना त्या डॉक्टरिणीचा, देवाचा आणि त्या बटणाचा, सगळ्यांचा राग राग केला.

त्याच संध्याकाळी मी म्हटलं, "ताई, मला गाडी शिकवा."

"तुला? या वयात? कशाला?"

"दवाखान्यात तुम्हाला न्यायला कुणीतरी हवं की नको?"

"मला न्यायला कुणी लागत नाही."

"बरं, मग मला भाजी आणायला हवी. शिकवताय का दुसऱ्याकडे जाऊ?"

दुसऱ्याकडे जाऊ म्हटल्यावर त्यांचा नाइलाज झाला. सकाळच्या पहिल्या बॅचच्या आधी, गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर माझे धडे सुरू झाले. पुढचं सांगायला मला लाज वाटते, कारण मी स्वतःवर भलतीच खूश झाले. क्लचला माझी बोंब होती, गिअर टाकताना गाडी कण्हायची, पण ब्रेक! ब्रेक मला पहिल्या दिवसापासून जमला. वळणावर, खड्ड्यापाशी, गाडी अशी अलगद थांबायची की मीच चकित व्हायची. जेवताना मी ह्यांना रोज ऐकवायची. "काहीही म्हणा, माझा ब्रेक म्हणजे लोणी आहे. ताईंनाच विचारा."

ताई ताटात बघून जेवत असायच्या. "बरा आहे," म्हणायच्या.

मग ती थंड सकाळ आली. ताईंना जिना उतरायला नेहमीपेक्षा वेळ लागला होता. "आज राहू दे का?" मी विचारलं, तर "तुला कंटाळा आला असेल तर राहू दे," असं उत्तर मिळालं. मला कंटाळा आला असं कुणी म्हटलेलं मला खपत नाही, हे त्यांना माहीत आहे. निघालो. गोदामांच्या रस्त्याला मी जरा जोरातच होते. एका फाटकातून रिकाम्या पेट्यांची हातगाडी ढकलत एक हमाल बाहेर आला. मी नेहमीसारखा ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी थांबण्याची वाट पाहिली.

गाडी थांबली नाही. थोडी मंदावली आणि चालतच राहिली. हमालाने तोंड वळवून माझ्याकडे पाहिलेलं मला अजून दिसतं. मी स्टिअरिंग फिरेल तितकं फिरवलं, किंचाळले, दोन्ही पाय कुठेतरी दाबले, आणि गाडी फाटकाच्या खांबाला जाऊन भिडली. दिवा फुटला. पेट्या रस्त्यावर पडल्या. हमालाला काही झालं नव्हतं. तो आधी मटकन खाली बसला आणि मग उठून आम्हाला जे बोलला ते इथे लिहिण्याजोगं नाही. ते सगळं आम्हाला लागू होतं.

मी ताईंकडे वळले. त्यांचा उजवा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर होता. दोन्ही हात गुडघ्यावर रेटून त्या पाय खाली दाबत होत्या. गाडी कधीच थांबली होती तरी दाबत होत्या.

"मी ब्रेक मारला होता," मी म्हटलं. "मी नेहमीसारखाच मारला होता! गाडीत बिघाड आहे!"

"गाडीत काही बिघाड नाही."

"मग थांबली का नाही?"

"कारण तू ब्रेक मारतच नाहीस," त्या म्हणाल्या. "तू नुसता पाय ठेवतेस. गाडी मी थांबवते. रोज."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं, रस्त्याकडे बघत. सगळ्यांनाच त्या तसं करतात. पहिले काही धडे ब्रेक त्यांचा असतो, पण इतक्या हलक्या पायाने की शिकणाऱ्याला वाटावं आपणच गाडी थांबवली. त्याचा धीर वाढतो. मग त्या हळूहळू आपला पाय काढून घेतात, तेही त्याला न कळता. गावातले निम्मे लोक ज्याला आपली हुशारी समजत आले, तो ताईंचा पाय होता. आणि आज पाय खाली गेला नाही.

"म्हणजे मला काहीच येत नाही?" माझा आवाज चढला. "आणि मी रोज घरी मिरवतेय! तुम्ही ताटात तोंड घालून हसत होतात! मला मूर्ख बनवलंत?"

"तुला धीर यावा म्हणून…"

"मला न सांगता? माझ्या हातात गाडी देऊन?"

"मग काय सांगायचं होतं? तुला जमत नाही म्हणून?"

"हो! जमत नाही म्हणून सांगायचं! मी काय मरणार होते?" आणि मग संतापाच्या भरात माझ्या तोंडून ते निघून गेलं. "आणि तुम्हाला काय वाटतं, कॉफीची बरणी तुम्ही उघडता रोज?"

ताईंची मान वळली. "म्हणजे?"

परत घ्यायची सोय नव्हती. "मी सैल करून ठेवते. सगळी झाकणं. केव्हापासून."

बाहेर हमाल पेट्या गोळा करत होता. ताईंनी आपले हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग त्या रडल्या. आवाज न करता, नाक न पुसता. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. मला वाटलं, बरणीचं ऐकून रडताहेत, आणि माझ्या जिभेला मी मनात लाख शिव्या घातल्या.

"तो माणूस मेला असता," त्या म्हणाल्या. "मी डॉक्टरिणीला सांगितलं, मी शेजारी बसते. जसं काही शेजारी बसायला पाय लागत नाहीत. कुणाच्या बापाला भ्याले नाही मी. आणि या पायाला भ्याले. याचं नाव काढलं की काम जाईल म्हणून तोंड दाबून बसले." मग त्यांनी बाहीने तोंड पुसलं. "उतर. त्याच्या पेट्या उचलायला लाग. आणि पुन्हा माझ्या बरणीला हात लावलास तर याद राख."

पेट्या आम्ही दोघींनी उचलल्या. ताईंनी हमालाची हात जोडून माफी मागितली आणि चूक माझी नाही, त्यांची, असं स्वच्छ सांगितलं. मग कपडेही न बदलता त्या तशाच स्कूलमध्ये गेल्या. फुटका दिवा घेऊन, मला सोबत घेऊन. पहिली बॅच दारात उभी होती. "आज धडा नाही," त्या म्हणाल्या आणि आत शिरल्या.

मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा. त्यालाही गाडी ताईंनीच शिकवलेली. त्याने सगळं ऐकून घेतलं. दिव्याचं त्याला फार नव्हतं, पण आजाराचं नाव ऐकून त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. तसा चेहरा कुणी केला की ताईंच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

"मास्तरीणबाई, तुम्ही आधी का नाही सांगितलं? आता तुम्ही आराम करा. ऑफिसात बसा. रस्त्यावरच्या खुणांचा क्लास घ्या, पंख्याखाली, मस्त खुर्चीवर. कुणी काही म्हणणार नाही."

"मला खुर्ची नको आहे."

"पण तुमचा पाय…"

"आधी पुरतं ऐकून घे. औषध लागू पडेपर्यंत मी गाडीत बसणार नाही. मला सांगायची गरज नाही, मी आज स्वतःच उतरलेय. सकाळची बॅच मी सोडली, ती दुसऱ्याला दे. सकाळचा माझा पाय यापुढे कदाचित कधीच भरवशाचा नसेल." ती बॅच म्हणजे त्यांचा जीव की प्राण होती. "पण दुपारचा पाय माझा आहे. डॉक्टरिणीला मी खरं काम काय ते सांगते. ती हो म्हणाली तर मी परत येते. रोज धड्याच्या आधी तू गाडी चालवायचीस, मागच्या मैदानात, वेगात. मी माझ्या बाजूने ब्रेक मारणार. चुन्याची रेघ आखू. गाडी रेघेआधी थांबली तर मी शिकवणार. नाही थांबली तर घरी जाणार. तुझी परवानगी विचारत बसणार नाही."

"रोज?"

"रोज."

मालक डोकं खाजवायला लागला. "आणि लोकांना काय सांगायचं?"

"जे आहे ते."

"लोक येणार नाहीत, मास्तरीणबाई. खरं सांगतो."

"नाही आले तर ते मी बघेन. पण मी काय करू शकते हे माझ्या तोंडाकडे बघून कुणी ठरवायचं नाही. तू तर नाहीच. तू बस आणि ट्रक यांतला फरक न कळता माझ्याकडे आला होतास."

त्याला हसू आवरलं नाही, आणि तिथे तो हरला.

पुढचे आठवडे घरात कुणाला सुखाचे गेले नाहीत. ताईंना घरी बसायची सवय नाही. सकाळी स्कूलची गाडी आमच्या रस्त्याने जायची, आत दुसरा शिकवणारा, आणि प्रत्येक झटक्याला ताई खिडकीत चरफडायच्या. "मेला, मणका तोडेल पोराचा!" कधी कधी दिवसभर खोलीचं दार लावून घ्यायच्या. एका संध्याकाळी म्हणाल्या, "मला माझी कीव येते, आणि मग त्या कीवेचा राग येतो, आणि मग थकायला होतं." मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

झाकणं मी आता घट्ट लावत होते. हुकूमच होता. एका सकाळी ताई कॉफीची बरणी घेऊन ओट्याशी उभ्या राहिल्या. फडक्याने फिरवून पाहिली, दाराच्या फटीत धरून पाहिली. मी पोळी लाटत होते, मान वर केली नाही, पण कान तिकडेच होते. शेवटी त्यांनी बरणी माझ्यापुढे आदळली.

"हे घे. उघड."

"का बरं?" मी विचारलं. मलाही खोड आहे.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर पळाली असती. "जमत नाही मला," त्या म्हणाल्या. "ऐकलंस? जमत नाही. उघड आता, माझी कॉफी निवतेय." कॉफी अजून झालीच नव्हती, पण मी ते बोलून दाखवलं नाही. झाकण उघडून दिलं. त्या दिवसापासून त्या रोज मागायला लागल्या आणि मी रोज उघडून द्यायला लागले, आणि घर काही कोसळलं नाही.

औषध सावकाश लागू पडलं. डॉक्टरिणीने पाय तपासला, ताईंचं काम काय ते ऐकून आधी कपाळाला हात लावला, मग औषध थोडं वाढवलं आणि पुढच्या खेपेला दुपारपुरती परवानगी दिली. मैदानातल्या पहिल्या परीक्षेत गाडी रेघ ओलांडून गेली. ताई उतरल्या, दार आपटलं आणि घरी चालत आल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मालक म्हणाला, "रेघ जरा पुढे सरकवू का?" त्यावर त्याला जे ऐकावं लागलं त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. तिसऱ्या खेपेला गाडी रेघेच्या बरीच अलीकडे थांबली, आणि असा झटका बसला की मालकाचा चष्मा डॅशबोर्डवर पडला. अलगद थांबवायचं ताईंनी सोडून दिलं होतं.

त्याच दुपारी त्यांचा पहिला धडा होता. माझंही शिक्षण अर्धवट होतं, म्हणून मी मागच्या सीटवर बसले होते. शिकायला आली होती ती कपडे शिवून देणारी एक बाई, माझ्याच वयाची, घाबरट. मालकाने काही सांगितलं नव्हतं, कारण ताईंनी ते काम आपल्याकडे ठेवलं होतं. बाईने सीट पुढे ओढली, पट्टा लावला आणि स्टिअरिंग असं धरलं, जणू ते पळून जाईल.

"थांबा," ताई म्हणाल्या. "निघायच्या आधी ऐकून ठेवा. मला सांध्यांचा आजार आहे. माझंच शरीर माझ्या सांध्यांच्या मागे लागलंय. आज पाय ठीक आहे, आत्ताच तपासून आलेय. नसता तर मी इथे नसते. माझ्याकडेही ब्रेक आहे आणि लागला तर मी तो मारणार, पण 'मी मारला' असं ओरडून मारणार. मी ओरडले नाही तर गाडी तुम्ही थांबवली. कळलं?"

बाईने स्टिअरिंग सोडलं आणि तोंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तसाच तो मऊ चेहरा, ताईंना न चालणारा. आता ही उतरून जाणार, आणि तिच्यामागून गावभर बातमी जाणार, असं मला वाटलं.

"अगंबाई," ती म्हणाली. "पण होईल ना हो बरं? कधी होणार?"

फोनवर सगळ्यांना दिलेलं उत्तर मला पाठ होतं. मी मागून ताईंची मान बघत होते.

"नाही होणार," ताई म्हणाल्या. "माझ्याकडे काय बघताय? रस्त्याकडे बघा. पहिला गिअर टाका."